आतून लावायची कडी

माझ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नववीत दोनदा आपटलेला माणूस. धंदा कुलपा-किल्ल्यांचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. त्यात किल्ली कापायचं मशीन, भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक स्टूल. कुणाची किल्ली हरवली, कुणाचं दार बाहेरून ओढलं गेलं, कुणाच्या कपाटाचं कुलूप अडकलं, की तो माणूस याच्याकडे यायचा. कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मीही कबूल करते. पण मास्तर ही पदवी त्याला कुलपांनी दिली नाही. ती मिळाली लोकांची मुलं सरळ करण्याबद्दल.

झालं असं, की बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. मुलगा दहावीला. शाळेतून आला की खोलीत शिरतो, आतून कडी घालतो, हाक मारली तर ओ देत नाही. बाई रडायच्या बेतात होत्या. नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, त्यांच्याबरोबर घरी गेला, मुलाच्या दाराची कडी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. मुलगा म्हणे काही दिवस धुमसला, मग मुकाट्याने हॉलमध्ये येऊन अभ्यासाला बसायला लागला. आता तो अभ्यास करत होता की नुसता पुस्तकाआड तोंड लपवत होता, हे कोणी पाहिलं नाही. बाईंनी मात्र शाळेच्या फाटकापाशी सगळ्यांना सांगितलं. तिथून जी रीघ लागली ती लागलीच.

कुणाचा मुलगा उलट बोलतो, कुणाची मुलगी आरशासमोरून हलत नाही, कुणी ताटावरून उठून जातं, कुणी परीक्षेचा पेपर फाडून टाकतं. सगळ्या रोगांवर औषध एकच, कडी काढा. बरं, दोन स्क्रू काढून गप घरी यावं की नाही? तर नाही. सोफ्यावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि आईबापांना उपदेश करायचा. मी एकदा पडद्याचं माप घ्यायला अशाच एका घरात गेले होते, तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं. मी एका पडद्यांच्या दुकानात शिवणाचं काम करते, त्यामुळे घराघरांत जाते. हा पायावर पाय टाकून सांगत होता, लपवण्यासारखं काही नसेल तर कडी कशाला हवी? समोर नवराबायको माना डोलावत होते. आणि स्वतःची मुलगी कितवीला आहे असं विचारलं तर या महाशयांना बोटांवर हिशोब करावा लागतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण शाळेने त्याला पालकांच्या सभेत बोलावलं. त्यासाठी त्याने नवा शर्ट शिवून घेतला. परत आला तेव्हा छाती अशी काही पुढे, की दारातून आधी ती आत आली आणि मग तो.

आमची मुलगी दुकानातच वाढली. रांगायची तेव्हा किल्ल्यांचा जुडगा हा तिचा खुळखुळा. शाळेत जायला लागली तेव्हा कानशीने किल्लीचे दात घासायला शिकली. स्क्रू बसवताना शेवटी सगळ्यांच्या खाचा उभ्या, एका रेषेत आणायच्या, ही तिच्या बापाची सवय. त्याने काम जास्त पक्कं होत नाही, पण आपण घाईत नव्हतो हे कळतं, असं तो म्हणायचा. पोरीने ती सवय तशीच उचलली. पंधरावं लागलं आणि तिला शिंगं फुटली. एका शब्दाला दोन शब्द. भांडी घास म्हटलं की अभ्यास आठवायचा, अभ्यास कर म्हटलं की डोकं दुखायचं. बापाशी तर तिचं बोलणंच तुटक झालं. संध्याकाळी शिकवणीला जाते म्हणायची आणि उशिरा यायची. एकदा शिकवणीच्या बाई मला रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, मुलगी हल्ली येत नाही, बरी आहे ना?

मी घरी आले आणि तिचं दप्तर उलटं केलं. पुस्तकांबरोबर स्क्रूड्रायव्हर पडला, आणि रुमालात बांधलेल्या पितळी कड्या. बापाच्या दुकानातल्या. माझं डोकंच फिरलं. चोरी करतेस, खोटं बोलतेस, आणखी काय काय चालवलं आहेस, असं मी तिला फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की चोरी नाही, बाबांनी लोकांच्या घरून काढून आणलेल्याच आहेत. मला त्यातलं काही कळलं नाही. समजून घ्यायला मी शुद्धीवरही नव्हते.

कळलं ते दुसऱ्या दिवशी, आणि सगळ्या जिन्याला एकदम कळलं. चौकातला मेडिकलवाला दुकानासमोर उभा राहून ओरडत होता. त्याची मुलगी आमच्या मुलीच्याच वर्गात. मास्तर, तुम्ही काढलेली कडी माझ्या घरात परत आली कशी, असा त्याचा सवाल. नवरा म्हणाला, शक्यच नाही. दोघं त्याच्या घरी गेले. नवऱ्याने कडी पाहिली. पुन्हा पक्की बसवलेली, चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही. मग बँकेतल्या बाईंकडे जाऊन पाहिलं, तिथेही तेच. आणखी दोन घरांत तेच. आईबाप कामावर गेले की ती मुलं हिला बोलवायची, आणि बापाने उखडलेलं ही पोरगी बसवून यायची.

किल्लीवाल्याचा धंदा विश्वासावर चालतो. लोक त्याला आपल्या घराच्या आतलं कुलूप दाखवतात. त्याच्याच घरातलं माणूस मालकाला न विचारता लोकांच्या दारांना हात लावतं, हे एकदा पसरलं की जिन्याखालच्या खोबणीला कोण विचारतो? नवऱ्याचं नाक कापलं गेलं होतं, आणि कापणारी घरचीच होती. माझाही संताप तेव्हा तिच्यावरच होता, हे लपवत नाही.

संध्याकाळी तो मेडिकलवाल्याला घेऊनच घरी आला. मुलगी आतल्या लहान खोलीत होती. नवऱ्याने तिला बाहेर बोलावलं, हत्यारांची पेटी उघडली आणि तिच्या खोलीची कडी काढली. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. पाहुण्यासमोर चढलेला माणूस तो. त्याने बिजागऱ्या सोडवल्या, अख्खं दार चौकटीतून उतरवलं आणि गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाला, आता बसव काय बसवायचं ते. मेडिकलवाला हाताची घडी घालून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून आठवतं, आणि अजून हात शिवशिवतात.

मुलगी रडली नाही. ती मेडिकलवाल्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"बाबा, तुम्ही यांच्याकडे कुठली कडी काढली ते आईला सांगा," ती म्हणाली.

नवरा पेटीतले स्क्रू आवरायला लागला.

"बाथरूमची काढली," तिने मला सांगितलं. "ती आत मोबाइल घेऊन बसते म्हणून. घरात तिचा मोठा भाऊ आहे, काका आहे. ती भरलेली बादली दाराला लावून आंघोळ करते. मी बाबांना आधी सांगितलं होतं. म्हणाले, गिऱ्हाईक तिचा बाप आहे."

मेडिकलवाला म्हणाला, पोरीला वळण लावा मास्तर, जीभ फार चालते. आणि गेला.

मी त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते मला नंतर खूप सुचलं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, दाराला बादली लावून, पाणी सांडायच्या आत अंगावर चार तांबे ओतून घेणारी. आणि ती कडी माझ्या घरातल्या स्क्रूड्रायव्हरने निघाली होती. मी इतके दिवस समजत होते की हा खोल्यांच्या कड्या काढतो. मी नवऱ्याला विचारलं, खरं आहे का? तो म्हणाला, बापाने सांगितलं, मी केलं, उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तरी आपण तेच करू. मी म्हटलं, आपण कोण? मी नाही.

मुलीच्या चौकटीला मी त्याच संध्याकाळी पडदा लावला. पडद्यांच्या दुकानात जाऊन सगळ्यात जाड कापड आणलं, आतून अस्तर लावलं. पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात निदान एवढं तरी असावं. नवऱ्याने हरकत घेतली नाही. माझा चेहरा बघून घेतली नसावी.

मुलीने बापाशी बोलणं टाकलं. पूर्वी भांडायची, उलट बोलायची, दार आपटायची. आता दारच नव्हतं. तो घरात आला की ती पडद्यामागे जायची. जेवताना तो मीठ मागायचा तर ती वाटी माझ्याकडे सरकवायची आणि मी त्याच्याकडे. मेडिकलवाल्याने आपल्याकडची कडी हातोडीने उखडून टाकली, ही बातमीही तिनेच मला दिली, त्याला नाही. आणि त्याला काय वाटत होतं, तर होईल शांत, वय असतं. लोकांच्या सोफ्यावर बसून जे बोलायचा तेच आता घरात बोलत होता.

रविवारी सकाळी तो दुकानात सामान लावायला खाली गेला, तेव्हा मी आमच्या बाथरूमची कडी काढली. मला स्क्रूड्रायव्हर नीट धरता येत नाही. दोन स्क्रू निघाले, तिसऱ्याची खाच गेली, शेवटी सुरी घालून उचकटली. दाराचा टवका उडाला. उडू दे म्हटलं.

रविवारची आंघोळ म्हणजे त्याचा सोहळा. गरम पाणी, अंगाला भरपूर साबण, वर गाणं. आत गेल्यावर कडी नाही हे त्याच्या लक्षात आलं, पण पाणी काढलेलं होतं, घरात आम्ही दोघीच, म्हणून त्याने तसंच दार लोटलं. गाणं सुरू झालं तसं मी दार उघडलं आणि फडकं धुवायला घेतलं. तो दचकला, हसला. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं आणि विजेचं बिल कुठे ठेवलं आहे ते विचारलं. या वेळी हसला नाही. तिसऱ्यांदा काहीच काम नव्हतं. नुसतं दार उघडून उभी राहिले. तोंडाला साबण, डोळे मिटलेले, हात चाचपडत टॉवेल शोधतोय.

"लाज आहे का तुला?" तो ओरडला.

"लपवण्यासारखं काही आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं. "नसेल तर कडी कशाला?"

आणि दार तसंच उघडं टाकून मी स्वयंपाकघरात गेले. मागून दार लोटल्याचा आवाज आला. मग फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा. तो भरलेली बादली दाराला लावत होता.

बादली जागेवर बसली आणि आतला आवाज थांबला. गाणं नाही, तांब्या नाही, काही नाही. मी गॅस बंद करून ऐकत होते. मुलगी पडद्याबाहेर येऊन उभी राहिली होती. बराच वेळ तो तसाच असावा, अंगावर साबण वाळवत. मी चौथ्यांदा दार उघडलं नाही.

बाहेर आल्यावर त्याने काही खाल्लं नाही. दुकानातून एक कडी घेतली आणि सरळ मेडिकलवाल्याच्या घरी गेला. माघारी आला तेव्हा कडी हातातच होती. मेडिकलवाला म्हणाला होता, घर माझं, मुलगी माझी, काढताना तुम्हाला काही वाटलं नाही, आता कसला पुळका आला? कुणाचंही दार उघडायची अक्कल आहे, पण दुसऱ्याच्या घरात त्याच्या मर्जीविरुद्ध कडी लावायचा हक्क कुणाला आहे?

मग तो गॅलरीत गेला आणि मुलीचं दार उचलायला लागला. ती आडवी आली. माझ्या मैत्रिणीची कडी लागेल तेव्हा माझं दार लावा, असं मला म्हणाली, म्हणजे त्याला ऐकू जाईल असं. मी तिच्यावरही चिडले. बाप पडती बाजू घेतोय तर घेऊ दे ना. हट्टाला काही सीमा? पण ती हलेना. कुणाची मुलगी आहे ते दिसत होतं. दार तसंच राहिलं, आमच्या बाथरूमला तेवढी नवी कडी लागली.

दुसऱ्या दिवसापासून मेडिकलवाल्याची मुलगी संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला येऊ लागली. दप्तरात वह्या कमी आणि टॉवेल जास्त. तो तिच्या आईनेच भरून दिलेला असायचा, घडी सांगायची. म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं आणि नवऱ्यापुढे तोंड उघडायची छाती नव्हती. तिचाही मला राग आला, पण टॉवेल पाठवत होती एवढं तिच्या नावावर मांडलं. मुलगी आत जायची, कडी लावायची, आणि पाण्याचा आवाज किती तरी वेळ यायचा. पहिल्या दिवशी तिने कडी लावली, काढली, पुन्हा लावली. नवरा बाहेर टेबलापाशी किल्ली घासत बसला होता. कानस त्याच्या हातात थांबली.

हे किती दिवस लपणार? मेडिकलवाला एका संध्याकाळी वर आला. चपला न काढता आत. कुठे आहे ती, म्हणाला. आतून पाण्याचा आवाज येत होता, त्याला काय समजायचं ते समजलं. तो बाथरूमच्या दाराकडे निघाला आणि मुलीचं नाव घेऊन दारावर थाप मारणार, तोच नवरा स्टुलावरून उठून मध्ये उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आमची मुलगी पडदा धरून उभी होती.

"उघडा ते," मेडिकलवाला म्हणाला. "तुम्हाला बाहेरून येतं उघडता."

"येतं," नवरा म्हणाला. "उघडणार नाही."

मेडिकलवाल्याने मग काय काय ऐकवलं. दुसऱ्याच्या पोरी बिघडवता, सगळ्या सोसायट्यांत सांगेन, शाळेत सांगेन, या जिन्याखाली कुत्रं फिरकणार नाही. नवरा ऐकत राहिला. बोलताना नेहमी हात हलवणारा माणूस, हात पाठीमागे दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सांगा, म्हणाला. मीही सांगतोय सगळ्यांना, की माझं चुकलं. आज सकाळी बँकेतल्या बाईंना सांगून आलो. हे मलाही माहीत नव्हतं.

ओरडून ओरडून मेडिकलवाला दमला. आत पाणी कधीच थांबलं होतं. पोरगी आत जीव मुठीत धरून उभी असणार.

"एवढा वेळ काय करते ही?" त्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

"आंघोळ," नवरा म्हणाला. "घरी बादली धरून ठेवावी लागते, म्हणून लवकर उरकते. तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं आमच्या मुलीने, याच खोलीत. आपण दोघांनीही ऐकलं नाही."

मेडिकलवाला स्टुलावर बसला. मी त्याला पाणी विचारलं नाही, चहा तर नाहीच. मग आतून कडी निघाली आणि मुलगी ओले केस घेऊन बाहेर आली. बापाला बघून भिंतीला चिकटली. तो तिच्या केसांकडे बघत राहिला, आणि चल म्हणाला. खांद्याला धरलं नाही, पुढे घातलं नाही. ती निघाली, तो तिच्या मागून निघाला. जिन्यावरून त्याचा आवाज आला, आमच्याकडे न बघता, चिडल्यासारखाच, की सकाळी दुकान उघडायच्या आत येऊन जा मास्तर, ती कडी घेऊन.

नवरा सकाळी गेला. मुलीला बरोबर चल म्हणाला, आणि ती गेली. कडी कोणी लावली ते मी विचारलं नाही. परत आल्यावर ती सरळ गॅलरीत गेली आणि दाराची एक बाजू उचलून उभी राहिली.

"बाबा, तिकडून धरा," ती म्हणाली.

दोघांनी मिळून दार चढवलं. तासभर ठोकाठोक, फरशीवर भुसा, भिंतीला नवा ओरखडा, आणि मला कामावर जायला उशीर. कडी तिने स्वतः बसवली, आतून. बाप स्क्रू हातात देत होता. काम संपलं तसं तिने हत्यारं पेटीत ठेवली, खोलीत गेली, आणि आमच्या दोघांच्या तोंडावर दार लावून कडी घातली.

एवढं सगळं करून शेवटी हेच. मला असा राग आला. पण दाराला हात लावायच्या आधी मी थांबले, दोनदा टकटक केली, आणि मग बाहेरूनच तिला ओरडून सांगितलं, की फरशीवरचा भुसा तुझा बाप झाडणार नाही.